सावलीची जागा

“इथे बसा, दाजी. सावली आहे, वाराही कमी,” वायरमन म्हणाला आणि त्याने बहिणीच्या नवऱ्याची पिशवी स्वतःच्या हाताने त्या खडकावर नेऊन ठेवली.

सावली होती, खोटं नव्हतं. पण खडकाखाली तलावाचा तळ एकदम खोल जात होता, हे तो बोलला नाही. मागच्या महिन्यात तिथे मासे पकडताना त्याच्या स्वतःच्या गळाचा जाड दोर एका हिसक्यात तुटला होता. काय होतं ते दिसलंसुद्धा नव्हतं.

दाजी बसले. शिंपी माणूस, बसला की पाठ आपोआप वाकायची. त्यांनी कापडी खोळ उघडली आणि आतून सासऱ्यांची, म्हणजे वायरमनच्या वडिलांची, गळाची काठी काढली. बांबूच्या बारीक कामट्या एकमेकींना चिकटवून केलेली, मधाच्या रंगाची, जागोजागी रेशमी दोऱ्याचे वेढे. खोळ दाजींनीच शिवली होती, आतून मऊ अस्तर लावून. ते अस्तर पाहून वायरमनच्या पोटात पुन्हा दुखलं.

गळ टाकायला तो शिकला ते याच काठीवर. न विचारता तिला हात लावला म्हणून मारही त्यानेच खाल्ला. आणि गेल्या वर्षी वडिलांचे हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी ती जावयाला देऊन टाकली. भर जेवणात, सगळ्यांसमोर. बहीण म्हणाली होती, “बघा, मला सासरी पाठवताना बाबांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. काठी देताना आलं.” सगळे हसले. तोही हसला, इतरांपेक्षा जरा मोठ्यानंच.

आज निघतानासुद्धा वडिलांनी दोघांना बजावलं होतं, “उथळ पाण्यातच टाका हं. ही बोटभर माशांची काठी. एखादं धूड लागलं तर काडकन जाईल.” आता ते लांब झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते, टोपी डोळ्यांवर ओढून.

वायरमनने थोडं अंतर ठेवून आपला गळ टाकला. पण त्याचं सगळं लक्ष शेजारच्या पाण्यावर होतं.

दाजींना दोन लहान मासे लागले. दोन्ही त्यांनी अलगद पाण्यात सोडून दिले, पोरांना शाळेच्या फाटकाशी सोडावं तसे.

“घरी नाही न्यायचे?” वायरमनने विचारलं.

“राहू दे. तुमची बहीण म्हणते, तूच साफ कर.”

तेवढ्यात काठी वाकली. आधी शेंडा, मग मधला भाग, मग पार दाजींच्या मुठीपर्यंत. रीळ करकरत फिरायला लागलं. दाजी धडपडत उभे राहिले.

“अहो, हे काय लागलंय?”

वायरमन जाळी घेऊन धावला. बघणाऱ्याला वाटलं असतं, मदतीला धावला. पण त्याला जवळून ऐकायचं होतं. काडकन एक आवाज, की सगळं मिटलं. मग काठी ना दाजींची, ना त्याची.

आणि मासा वर आला. काळसर पाठ, सुपाएवढी शेपटी. एकदाच वळला, पाणी फोडून पुन्हा खाली गेला. एवढी वर्षं तो या तलावाच्या काठाने फिरत होता. असा मासा त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आणि लागला, तोही यांनाच!

“ओढा, दाजी! ढील देऊ नका! ओढा!”

काठीतून बारीक कुरकुर आली, जुन्या जिन्यावर कुणी पाय ठेवावा तशी. दाजींनी ती ऐकली. त्यांनी काठी काखेत दाबली, खिशातून धागे तोडायची छोटी कात्री काढली आणि दोर कापून टाकला.

काठी सरळ झाली, थरथरत राहिली. पाण्यावर एक मोठं वर्तुळ उमटलं आणि विरून गेलं.

“काय केलंत हे? वेड लागलंय का तुम्हाला? असा मासा पुन्हा मिळणार आहे?”

“मोडली असती ती.”

“मग मोडू द्यायची! मोडावी म्हणूनच तर मी—”

दाजी त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी खडकाखालच्या काळ्या पाण्याकडे पाहिलं, आणि पुन्हा त्याच्याकडे.

झाडाखालून वडिलांची हाक आली, “काय रे? काय झालं?”

वायरमन हातातली जाळी चाळवू लागला.

“काही नाही, बाबा!” दाजींनी ओरडून सांगितलं. “बुडालेल्या ओंडक्यात अडकला होता गळ. कापला दोर.”

“आणि काठी?”

“धडधाकट आहे!”

वडिलांनी समाधानाने हात हलवला आणि टोपी पुन्हा डोळ्यांवर ओढली.

दाजींनी रुमालाने काठीवरचं पाणी टिपलं. एकेका वेढ्यावरून बोट फिरवून पाहिलं. मग मूठ वायरमनकडे करून ती पुढे धरली.

“धरा. थोडा वेळ तुम्ही टाका. तुमच्या हातात बघू दे बाबांना एकदा.”

आवाजात राग नव्हता. असता, तर बरं झालं असतं. वायरमनने त्या मुठीकडे पाहिलं. वडिलांच्या अंगठ्याने झिजलेली जागा अजून तिथे होती. त्याचा हात काही वर झाला नाही.

“आलोच,” तो म्हणाला. “जाळी धुवून आणतो.”

तो उथळ पाण्यात उतरला, गुडघ्यांवर बसला आणि ती कोरडी ठक्क जाळी कितीतरी वेळ खळबळून धूत राहिला.