अव्वल कारकुनाचा डबा

सदानंद परबाने रेकॉर्ड रूमचं दार लोटून घेतलं, टेबलावरच्या फायली बाजूला सारल्या आणि बाबली शिपायाचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा पुढ्यात ओढला. खोलीत बांगड्याच्या तिखल्याचा वास भरून राहिला होता. त्यातली तिरफळं थेट नाकात शिरत होती. सकाळपासून सदानंदच्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

तीन महिने हा उद्योग बिनबोभाट चालला होता. ओरोसला नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या आल्या, सदानंद अव्वल कारकून होऊन क्वार्टर्समध्ये राहायला आला आणि त्याच्या बायकोने, शुभदाने, मनावर घेतलं की आता नवऱ्याने साहेबांच्या शेजारच्या खोलीत मासळीचा डबा उघडणं काही शोभायचं नाही. दिवाळीत ती गिरगावातल्या बहिणीकडून एक पदार्थ शिकून आली होती. पिनव्हील सँडविच. बहीण पार्ट्यांना ते पावाचं करायची. ओरोसला पाव एस.टी.ने यायचा आणि पोचेपर्यंत त्याचा चुरा व्हायचा. म्हणून शुभदा चपातीवर लोणी, हिरवी चटणी, उकडलेला बटाटा आणि गाजराचा कीस पसरायची, घट्ट वळकटी करायची, ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि मग दोऱ्याने तिच्या चकत्या कापायची. चकत्या दिसायला सुरेख होत्या, यात वाद नाही. पण सदानंद मनातल्या मनात त्यांना सुदर्शनचक्रं म्हणायचा. झाकण उघडलं की त्याच्या भुकेचा वध व्हायचा.

पहिल्या दिवशी तो घरी परतला तेव्हा शुभदा दारातच उभी होती. डबा कसा झाला, एवढंच तिने विचारलं. तिच्या चेहऱ्याकडे बघून सदानंदला खरं बोलायचा धीर झाला नाही. जीव होता त्याचा तिच्यावर. त्याने तोंड भरून स्तुती केली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चक्रं आली. तिसऱ्या दिवशीही आली.

चौथ्या दिवशी बाबली देवासारखा धावून आला. सदानंदला तो भाऊ म्हणायचा, आणि सकाळी कचेरीत येता येता क्वार्टर्सवरून भाऊंचा डबा आणायचं काम त्याचंच होतं. धामापूरहून आणलेला स्वतःचा डबा आणि भाऊंचा नाव कोरलेला स्टीलचा डबा तो एकाच पिशवीत घालून आणायचा आणि ती पिशवी दुपारपर्यंत रेकॉर्ड रूममध्ये ठेवायचा. त्या दिवशी सदानंदने त्याला दोन चकत्या देऊन पाहिल्या, आणि बाबली त्यांच्यावर फिदा झाला. जन्मापासून मासळी खाऊन कंटाळलेला माणूस तो. तेव्हापासून स्टीलचा डबा बाबलीकडे आणि त्याच्या बायकोच्या, सुगंधाच्या, हातचा डबा सदानंदकडे. बाबली फणसाखाली जाऊन खायचा आणि स्टीलचा डबा लखलखीत घासून पोचवायचा. तो रिकामा डबा बघून शुभदाला वाटायचं, जन्माचं सार्थक झालं.

मध्ये एकदा सुगंधाने कोलंबी दिली होती, तेव्हा बाबलीने आपला डबा परत मागितला. सदानंदने तिथल्या तिथे नियम करून टाकला.

"एकदा डबो बदललो काय बदललो. मागे घेवचो नाय."

आज त्याने मोठ्या प्रेमाने झाकण काढलं. आत चकत्या होत्या.

सदानंद बघतच राहिला. चपाती जाड, वळकटी सैल, गाजर बाहेर लोंबतंय. बाबलीने घरी जाऊन कौतुक केलं असणार आणि सुगंधाने ईर्षेने करून बघितलं असणार, हे त्याच्या लगेच ध्यानात आलं. मग तो वास? तीन महिन्यांत मासळी डब्याच्या अंगातच मुरली असेल. उठून फणसाखाली जावं, असं क्षणभर वाटलं. पण नियम त्याचाच होता. आणि जाऊन तरी काय मिळणार होतं? इथे चक्रं, तिथे चक्रं. भूक तर सडकून लागली होती. डोळे मिटून त्याने सगळ्या चकत्या संपवल्या.

दुपारभर बाबली सुस्तावून ढेकर देत होता. "भाऊनु, आज वयनीन..." असं काहीतरी तो म्हणायला लागला, पण सदानंदने त्याच्या हातात फायलींचा गठ्ठा दिला आणि त्याला पिटाळलं.

संध्याकाळी शुभदा नेहमीसारखी दारात उभी होती, आणि तिने नेहमीचंच विचारलं. सदानंदला आज हलकं वाटलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याला खोटं बोलावं लागणार नव्हतं. चकत्या त्याने खरोखर खाल्ल्या होत्या. तो ऐटीत पायरीवर बसला आणि चपला काढत म्हणाला,

"बरो होतो डबो. खोटा कशाक बोलू, आज चपाती वायच जाड झालेली. आणि मीठ चढलेला."

"मीठ चढलेला?" शुभदाने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला. "बरा झाला सांगितलात. सुगंधाक सांगतंय. परवा बाजारात मीच तिका शिकवलंय ना."

सदानंदचा हात चपलेवरच राहिला.

"आणि तिच्याकडसून मी शिकलंय," ती शांतपणे म्हणाली. "तुमच्या डब्यात आज बांगड्याचा तिखला होता."