विहिरीकडचं अळू

"मला नको. पोटात जागा न्हाई," म्हणत नथूनं अळूच्या फदफद्याची वाटी बाजूला सारली.

उषाआक्का बघतच राहिली. लहानपणी हाच भाऊ पातेलं बोटानं इतकं चाटायचा, की घासायची गरज उरायची नाही. "आरं, विहिरीकडचं अळू हाय. सकाळीच कापून आणलं मी."

"ठावं हाय," नथू म्हणाला आणि भाकरीला नुसता ठेचा लावून खाऊ लागला.

आक्का रिहे गावी, भावाकडं, माहेरपणाला आली नव्हती. नवरा गेल्यापासून ती दिराच्या पडवीत राहत होती, आणि आता तिला स्वतःच्या दोन खोल्या बांधायच्या होत्या. जागेची काळजीच नव्हती. हक्कसोडीवर तिची सही घेताना नथूनं आईच्या फोटोपुढं शब्द दिला होता, विहिरीकडची पट्टी आक्काची. सकाळी तिथं उभी राहून तिनं दार कुठल्या अंगाला काढायचं तेही ठरवलं, आणि येताना सवयीनं पानं कापून आणली. चांगली तकतकीत, जाड पानं. भावानं खत घातलं असेल म्हणून मनातल्या मनात कौतुकसुद्धा केलं. भोळेपणाला काय औषध असतं?

"खोल्यांचं पावसाच्या आधी उरकू," ती म्हणाली आणि जेवायला बसली.

दुसऱ्या घासाला जीभ चरचरली. तिसरा गिळला, तर घशात कुणी कुसळं कोंबल्यासारखं झालं. चिंच कमी पडली वाटतं, असं ती म्हणायला गेली, पण ओठ सुजून शब्द बोबडे निघाले. लाळ पदरावर गळायला लागली.

भावजय आशालता ताकाचा तांब्या घेऊन धावली. आक्काच्या तोंडाला तांब्या लावता लावता तिनं नवऱ्यावर तोंड सोडलं. "सकाळधरनं म्हनतीया, सांगा त्यास्नी. आक्का, ते अळू न्हाई वो. फारमहाऊसवाल्यांनी लावलेली शोभेची झाडं हायेत. इखारी हायेत म्हनून आमी ढोरं बी तिकडं सोडत न्हाई."

आक्कानं तांब्या खाली ठेवला. "आपल्या पट्टीत त्यांची झाडं?"

नथूनं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"कवा इकली?"

"भाऊबीजेच्या आधी."

म्हणजे तिनं ओवाळलं, तेव्हा पट्टी गेलेली होती. आक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते काही घशाच्या आगीनं नव्हतं.

"पट्टी ऱ्हाऊ दे," ती कशीबशी म्हणाली. "पानं चिरताना तू समोर बसला हुतास. तवा तरी सांगायचंस."

"झाडाचं सांगितलं असतं, तर पट्टीचं बी सांगावं लागलं असतं," नथू पुटपुटला. "वाटलं, शिजल्यावर काय हुत न्हाई. चल, दवाखान्यात नेतो."

आक्का जागची हलली नाही. सुजल्या जिभेनं एकेक शब्द सोडवत ती बोलली, "खाई त्याला खवखवे म्हनत्यात, नथू. पट्टी तर तू खाल्लीस. तुला कायच कसं हुईना रं?"