आधी आत्याबाईंचं पाणी

पंधरा लिटरचा घ्यायचा की पंचवीसचा, हे दुकानदार तिसऱ्यांदा विचारत होता आणि द्वारका स्टुलावर बसून धाप ओसरायची वाट बघत होती. शहागंजातल्या त्या दुकानाला चारच पायऱ्या होत्या.

तिचा नवरा बद्रीनाथ एकेका गिझरवर बोटानं टकटक करून पाहत होता. आवडाबाई, त्याची आई, पदर सावरून बाजूला उभ्या होत्या; द्वारका त्यांना आत्याबाई म्हणायची. हर्सूलहून रिक्षात येताना त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. ओठ तेवढे हलत होते; नामस्मरण चालू होतं.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. द्वारकाला लग्नाच्या पहिल्याच वर्षी न्यूमोनिया झालेला, छाती तेव्हापासूनची नाजूक, त्यात इतक्या वर्षांचा धूर. आणखी एक हिवाळा असाच गेला तर पुढचं आम्ही काही बोलू शकत नाही. चूल घरातून कधीच गेली होती. राहिला होता बंब.

तांब्याचा तो बंब बावीस वर्षं परसात होता आणि बावीस वर्षं पहाटे चारला उठून द्वारकाच तो पेटवत होती. आवडाबाईंचा नेम होता. सूर्य उगवायच्या आत स्नान, मग तुळस, मग पोथी. पावसाळ्यात ओलं सरपण फुंकताना डोळ्यांतून पाणी यायचं. कढत पाण्याची बादली न्हाणीत नेऊन ठेवली की आवडाबाई आत जात. हौदावर तांब्या वाजे, चार तांबे अंगावर पडल्याचा आवाज येई, की त्या बाहेर. बादली जवळजवळ तशीच असायची. उरलंय त्यात तू न्हाऊन घे, सांडू नको, हे त्यांचं रोजचं वाक्य.

म्हणजे पेटवायचं आपण आणि न्हायचं उरल्या पाण्यात. सुनेसाठी वेगळं पाणी तापवायची त्या घरात रीतच नव्हती. सासरे नानासाहेब होते तोवर सरपणाची एकेक ढलपी त्यांच्या नजरेखालून जायची. ते गेले, रीत राहिली. आधी आत्याबाईंचं पाणी, मग बाकीचं सगळं.

आता द्वारकाला धास्ती एकच होती. आत्याबाईंना विजेचं पाणी चालेल का? नाही चाललं तर बद्रीनाथ आईचा शब्द मोडणार नव्हता. बंब पुन्हा पेटला असता.

बोअरच्या पाण्याला आतून काचेचा लेप दिलेली टाकीच बरी, असं दुकानदार समजावत होता. तेवढ्यात आवडाबाईंनी तोंड उघडलं.

"एक जण न्हाल्यावर दुसऱ्याला गार येतं का?"

"पंधराच्यात येतं, आजी. दुसऱ्यानं जरा थांबायचं. पंचवीसच्यात दोघांचं आरामात भागतं."

"मग पंचवीसचा द्या."

द्वारकानं मान वर केली. आयतं कढत पाणी मिळणार म्हटल्यावर म्हातारीला आता पोटभर न्हायचंय, असं तिच्या मनात आलं, आणि असं मनात आलं म्हणून स्वतःचाच कंटाळाही आला. पण बद्रीनाथनं नकार दिला. न्हाणीची भिंत अर्ध्या विटेची, पंचवीसचं ओझं तिला पेलवणार नाही. पंधराचाच घेतला. आवडाबाईंचे ओठ परत हलू लागले.

दुसऱ्या दिवशी कडूबा इलेक्ट्रिशियननं गिझर बसवून दिला. लाल दिवा विझला की पाणी तापलं. थोडं पाणी काढलं की गार पाणी आत शिरतं आणि दिवा परत लागतो, एवढं त्यानं शिकवलं. वर म्हणाला, वहिनी, आता सासूबाईंना सांगून टाका, सरपण संपलं. तूच सांग, माझी हिंमत नाय, असं द्वारका म्हणाली तेव्हा तोही हसला. बंब त्यानंच परसाच्या कोपऱ्यात पालथा घातला.

पाच पहाटा बऱ्या गेल्या. चारला उठायचं, बटण दाबायचं, दिवा विझला की आत्याबाईंना हाक मारायची. धूर नाही, फुंकणी नाही. खोकला जरा बसला होता.

सहाव्या दिवशी आवडाबाई न्हाऊन बाहेर आल्या आणि द्वारका लगेच आत गेली. दिवा विझलेला होता. कालही तसाच होता, परवाही. तिला वाटलं होतं, दिवाच बिघडला असेल. तिनं गिझरची तोटी चाचपली. कोरडी ठणठणीत. हौदातलं पाणी मात्र हलत होतं. तिनं बोटं बुडवली आणि झटक्यानं काढून घेतली. पौषातली थंडी होती.

ती तशीच अंगणात आली. आवडाबाई तुळशीला पाणी घालत होत्या. ओठ निळे पडले होते. म्हणजे विजेचं पाणी चालत नाही, आणि तोंडानं सांगायचंही नाही. गार पाण्यानं आजारी पडायचं, मग लेक आपणच बंब मांडायला सांगेल. बावीस वर्षांत द्वारकानं सासूपुढं आवाज चढवला नव्हता. आजही चढला नाही. तेवढा दम छातीत नव्हता.

"आत्याबाई, बंबाचंच पाणी लागत असलं तर तसं सांगा. उद्यापासून पेटवते मी. पण असं गार पाणी घेऊन दुखणं नका ओढवून घेऊ."

"बंब नगं," आवडाबाई म्हणाल्या. "मला गारच सवयीचं हाय. म्या कवा घेतलं ऊन पाणी?"

द्वारकाला नीट ऐकू आलं होतं. तरी ती दोन पावलं पुढं आली. मग तिनं विचारलं, "मग बावीस वर्षं बंब पेटवला तो कुणासाठी?"

आवडाबाईंनी तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीत ओतलं. मान वर केली नाही.

"तू दवाखान्यातून आलीस तवा डॉक्टर म्हणला व्हता, हिच्या अंगाला गार पाणी लागू देऊ नका. सुनेसाठी सरपण जाळू दिलं असतं व्हय तुझ्या सासऱ्यानं? मग म्या म्हणलं, मलाच लागतंय."