गणितातला गुडघा

चांगदेवनं पेढ्यांचा पुडा पुढं केला, तर भागुबाईनं तो शेजारच्या धुरपदाच्या हातात दिला. उंबऱ्यात बसल्या बसल्या तिनं लुगडं वर घेतलं आणि सुजलेला गुडघा लेकासमोर उघडा केला.

"पेढं मागनं. आधी लोहचुंबक काढ."

"कसलं लोहचुंबक?"

"आता गं बया. पीएचडी झालास न्हवं? गणित सुटलं न्हवं तुझं?"

दुष्काळात खडी फोडताना हा गुडघा गेला. तेव्हापासून पोरगा सुट्टीला भांडगावला आला की त्यावर हात ठेवायचा. ऊठ म्हणायचा, बस म्हणायचा, आतली करकर कान देऊन ऐकायचा. गुडघ्यातल्या वंगणावर लोहचुंबक काय करतं, त्याचंच गणित मांडतोय म्हणायचा. दौंडचा डॉक्टर सुई देतो म्हणाला, तर म्हातारी नको म्हणाली. सुईनं गुडघा बदलला आणि पोराचं गणित चुकलं म्हणजे? हे तिनं पोराला सांगितलंही होतं. तेव्हा हा दीडशहाणा हसून म्हणाला होता, "बरं केलंस. थांब अजून थोडं."

आता तो पायातली चप्पल काढत म्हणाला, "आये, ते कागदावरचं असतं. दोन गुळगुळीत हाडं धरायची, मध्ये वंगण. चुंबकानं त्याचा दाब किती वाढतो, एवढंच काढायचं. त्यावरून पुढं कुणी इलाज शोधला तर शोधला."

"गुळगुळीत? माझा तर करकरतोय."

"तुझा घेतलाच नाही. खडबडीत गुडघ्याचं गणित सुटत नाही."

"मग मला उठबशा कशापायी काढायला लावल्यास?"

"तुला बरं वाटायचं म्हणून."

धुरपदाच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला.

"परवा डाक्टर म्हनला, लई उशीर केलास, आता सुईचा उपेग न्हाई," भागुबाई सावकाश म्हणाली. "म्या त्याला हसले. म्हनलं, माझा चांगदेव येतोय."

परक्यानं फसवलं असतं तर तिनं शिव्या तरी दिल्या असत्या. पोटच्या पोरानं केसानं गळा कापला, त्याला काय म्हणायचं?

चूल पेटवायची होती. तिनं चौकटीला धरून उठायला बघितलं. गुडघा करकरला. चांगदेवनं झटकन वाकून हात पुढं केला.

हात अगदी तिच्या तोंडासमोर होता.

"धुरपदे," ती म्हणाली, "जरा हात दे गं."