बर्फ खरवडणारे दिगंबरराव

"तू सारखी दार उघडून उभी राहतेस, म्हणून बर्फ साठतो!" दिगंबरराव स्क्रूड्रायव्हर शोधत गरजले. हा माणूस फ्रीजपाशी जायचा तो फक्त थंड पाण्याच्या बाटलीसाठी, आणि बाटली काढली की दार पायाने ढकलायचा. ते कधीच नीट लागायचं नाही. मागाहून उठून ते लावणं कुंदाताईंच्या नशिबी.

"अहो, नुसता बंद करून ठेवा. संध्याकाळपर्यंत आपोआप वितळेल," कुंदाताई म्हणाल्या.

"मला शिकवू नकोस!"

फ्रीजच्या दारात कुंदाताईंचं इन्सुलिन होतं. ते आधी बाहेर काढावं, एवढंही साहेबांना सुचलं नाही. त्यांनी फ्रीजरच्या बर्फात स्क्रूड्रायव्हर हाणला. दुसऱ्याच घावाला फुस्स झालं. नळी फुटली, गॅस गेला आणि साहेबांचं तोंड तेवढं उघडं राहिलं.

कुंदाताईंनी मुकाट्याने इन्सुलिन शेजारच्या लोखंडेवहिनींच्या फ्रीजमध्ये ठेवलं. परत येतात तर साहेब मेकॅनिकशी फोनवर बोलत होते, "काय सांगू, आमच्या हिने बर्फात स्क्रूड्रायव्हर घातला. बायकांना अक्कल असते का?"

लग्न झाल्यापासून असल्या थापा कुंदाताई चारचौघांत गिळत आल्या होत्या. आज त्यांनी फोनच हिसकावून घेतला.

"दादा, हिने नाही, ह्यांनी घातला. आणि सावकाश या हं, काही घाई नाही. माझं औषध शेजारी सुखरूप आहे. ह्यांचं थंड पाणी तेवढं अडलंय."