न मोजलेले अकरा

सूज आणि दुखणं उतरवणारी साधी गोळी मेंदूतली गाठही रोखते का, हे बघायला प्रयोगशाळेत गाठ असलेले चाळीस उंदीर ठेवले होते. त्यातले अकरा मेलेले उंदीर पिंजरे धुणाऱ्या मावशींनीच शेपटीला धरून बाहेर काढले. प्रत्येकाच्या खालचा भुसा डांबरासारखा काळा झालेला.

"साहेब, या गोळीनं त्यांच्या पोटातून रक्त जातंय."

"गाठीनं मेले नाहीत ना? मग ते मोजायचे नाहीत."

आज साहेबांचं संशोधन छापून आलं. गाठी निम्म्यावर, गोळी निर्धोक. सकाळपासून फोन थांबेना. "बिनधास्त द्या हो नवऱ्याला, काही होत नाही," साहेब कुणाच्या तरी बायकोला सांगत होते. ऐकताना मावशींच्या नाकात तो भुशाचा वास पुन्हा भरला.

फोन ठेवून साहेबांनी कपाळ दाबलं. "बोलून बोलून डोकं उठलंय, मावशी. काहीतरी द्या."

मावशींनी उंदरांना दिलेल्या गोळ्यांच्याच डब्यातली एक गोळी पुढे केली. अंगावरचं झुरळ झटकावं तसा साहेबांनी त्यांचा हात झटकला.

"ही? रिकाम्या पोटी? मारताय की काय मला!"

"घ्या हो साहेब," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला कुठं गाठ आहे? मेलात तरी मोजावं लागणार नाही."