बिघडलेली लांडगी

इथिओपियातल्या बाले पर्वताच्या पठारावर वनरक्षक तिरुनेश पर्यटकांना यांत्रिक लांडगे दाखवत होती. खरे लांडगे संपून अकरा वर्षं झाली होती. एवढ्यात खडकामागून लूत लागलेली एक लांडगी लंगडत बाहेर आली. तिला उग्र वास येत होता. यंत्रांना वास नसतो.

"ही बिघडलीय वाटतं," पुण्याचे खांबेटे नाक दाबून म्हणाले. "बदला की हिला!"

ही खरी आहे, असं तिरुनेशच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण हे बाहेर कळलं, तर असली हजार माणसं उद्या हिला डिवचायला येतील.

"बरोबर ओळखलंत, बिघडलीच आहे," ती म्हणाली. "पुढे चला, तुमच्या लायकीचे तिकडे आहेत."

खांबेटे खूश होऊन तिच्यामागून निघाले.